दोन विभागांच्या मधली माती

जुलै उजाडला की आमच्याकडे चहाचं आधण उतरत नाही. निकाल लागलेले असतात, प्रवेश सुरू झालेले असतात, आणि डोंबिवलीत ज्यांच्या घरी कोणी नुकतं पदवीधर झालंय असे आईबाप आपलं अपत्य पुढं घालून माझ्याकडे येतात. मी कॉलेजात रसायन शिकवते, म्हणजे मला सगळंच कळतं, असा त्यांचा समज आहे. "शकूताई, हिला जरा सांगा, पुढं कुठली लाईन घ्यायची ते." मुलगी मान खाली घालून सतरंजीची दशी ओढत असते. तिला विचारावं, "तुला काय आवडतं गं?" तर ती आधी आईकडे बघते. मग आईच बोलते, "तिला दोन-तीन गोष्टी आवडतात, तेच तर दुखणं आहे."

परवा आलेली मुलगी वनस्पतिशास्त्राची होती. तिला रानातली औषधी झाडं शिकायची होती, आणि ती झाडं ओळखणाऱ्या म्हाताऱ्या बायकांबद्दलही शिकायचं होतं. हे दोन्ही एकत्र. आता तशी सोय निघालेली आहे. दोन विभागांत मिळून अभ्यास करता येतो, दोन मार्गदर्शक घेता येतात, आणि त्या दोघांना एकमेकांशी बोलावंही लागतं. मी हे सगळं नीट समजावून सांगितलं. मुलीचा चेहरा उजळला. तोवर तिचे वडील म्हणाले, "ते ठीक आहे हो, पण याला स्कोप काय? आणि उद्या कोणी विचारलं, मुलगी कशात एम.एस्सी. आहे, तर सांगायचं काय?"

मी कपबशा गोळा केल्या आणि आत गेले. राग आला की मी भांडी उचलते. नळाखाली कप धरला आणि मनात म्हटलं, अरे देवा, म्हणजे इतक्या वर्षांत आपण फक्त सोयच केली. प्रश्न जिथल्या तिथंच आहे.

स्वातंत्र्याला तीनेक वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. डोंबिवली म्हणजे स्टेशन, स्टेशनच्या दोन्ही अंगांना थोडी कौलारू घरं, विहिरी, आणि त्यापलीकडे शेतं. वीज नव्हती. पावसाळ्यात चपला हातात घेऊन चालायचं आणि दारातल्या दगडावर पाय घासायचे. आई मी लहान असतानाच गेली होती. घर काकूच्या हातात होतं, म्हणजे नानांच्या धाकट्या भावाच्या बायकोच्या. नाना, माझे वडील, ठाण्याच्या कोर्टात समन्सं-जप्त्या बघणारे नाझर होते. त्यांचा सगळा स्वभाव कोर्टाचा होता. प्रत्येक गोष्ट कुठल्या तरी सदरात बसली पाहिजे, बसली नाही तर ती घडलेलीच नाही.

आमच्या घरापासून पश्चिमेला चालत गेलं की कोपर गाव, आणि त्याच्या पुढं खाडी. खाडीच्या काठची जमीन म्हणजे खाजण. भरतीचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून गावकऱ्यांनी चिखलाचा लांब बांध घातलेला, आणि बांधाच्या आत भात. मी बी.एस्सी.ला असताना एका पावसाळ्यात मोठं उधाण आलं आणि खाडीच्या दोन्ही काठांचे बांध फुटले. अलीकडे कोपरची शेतं बुडाली, पलीकडे दुसऱ्या एका गावाची. त्या गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून भेटतात. दोन्हीकडे पीक गेलं, दोन्हीकडे जमीन मिठानं पांढरी पडली. पण पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला कोपरच्या खाजणात भात उभं होतं, आणि पलीकडे तशीच उजाड जमीन, वर बगळे.

खाडी तीच. पाऊस तोच. मग असं का?

या एका प्रश्नानं माझा बी.एस्सी. झाल्यानंतरचा सगळा जुलै खाल्ला. मला तो मोठा शास्त्रीय वगैरे वाटला नव्हता, खरं सांगते. चीड आली होती. रोज डोळ्यांपुढं दिसणाऱ्या गोष्टीचं कारण कोणाला सांगता येऊ नये, याची चीड. कोपरला विचारलं तर ते म्हणायचे, पलीकडची माती वाईट. पलीकडे विचारलं तर म्हणायचे, कोपरवाल्यांचं दैव चांगलं. मला दैव काढून टाकायचं होतं. माती खरोखर वेगळी आहे का हे रसायनानं कळलं असतं. नसली, तर मग फरक माणसांत होता. बांध कोण दुरुस्त करतं, कसं करतं, केव्हा करतं, ते शोधावं लागलं असतं. एका विषयात प्रश्नाचं डोकं होतं, दुसऱ्यात पाय.

त्याच वर्षी मेमध्ये, पाऊस पडायच्या आधी, मी दोन्ही गावांची माती आणली होती. मेमध्येच आणायला हवी होती, कारण जमिनीवर आलेलं मीठ पहिल्या काही सरींत धुऊन जातं आणि मग वर्षभर ते दिसत नाही. ओटीवर वर्तमानपत्रं पसरून ती वाळवली, कुटली, काकूच्या मैद्याच्या चाळणीनं चाळली. चाळणी मी नंतर धुतली होती. तरी काकू चार दिवस म्हणत होती, "करंज्यांना खाडीचा वास येतोय गं." मग जुन्या धोतराच्या पिशव्या शिवल्या, प्रत्येकीला शाईनं लिहिलेली चिठ्ठी बांधली, आणि ओल लागू नये म्हणून स्वयंपाकघरातल्या फडताळात, चुलीच्या जवळ, नीट रचून ठेवल्या.

नानांना सांगितलं तेव्हा ते वर्तमानपत्र बाजूला न करता म्हणाले, "म्हणजे कशात?"

"रसायन, आणि समाजशास्त्र."

"त्यातलं एक सांग."

"एक नाहीये नाना."

तेव्हा वर्तमानपत्र खाली आलं. "हे बघ शकू, कल्याणच्या शाळेत शास्त्राची बाई हवी आहे. हेडमास्तर माझ्या शब्दावर थांबलेत. ते ऑगस्टपर्यंत थांबतील. तोवर विद्यापीठात तुझं नाव लागलं तर मी आडवा येणार नाही. नाही लागलं तर शाळेत रुजू व्हायचं. आणि नाव लागलं तरी मला सांगता आलं पाहिजे, मुलगी कशात एम.एस्सी. करते ते."

माणूस वाईट नव्हता. हे त्या वेळच्या मानानं उदारपणच होतं. पण त्या उदारपणाला एक मुदत होती, आणि त्या मुदतीत मला मुंबईच्या विद्यापीठातल्या दोन विभागांना एकमेकांची तोंडं बघायला लावायची होती.

विषय जोडण्याची पद्धत तेव्हाही होती. मुख्य विषय आणि जोडविषय. पण त्या सोयरिकी आधीच ठरलेल्या. मराठीला संस्कृत चालायचं, इतिहासाला अर्थशास्त्र चालायचं, आमच्या रसायनाला पदार्थविज्ञान. शास्त्र शाखेतला एक आणि कला शाखेतला एक असं मागितलं की समोरचा माणूस तुमच्याकडे अशा नजरेनं बघायचा की तुम्ही पुरणपोळीबरोबर सुकट मागितली आहे.

रसायनात सबनीस सर होते. मनानं मोकळे, कामात चोख, बोटांवर कायमचे पिवळे डाग. त्यांनी माझं सगळं ऐकलं आणि म्हणाले, "छान विषय आहे, मिस लिमये. मीठ मोजा. माणसं कशाला मोजता?"

"सर, मीठ आत का आलं हे माणसांवर आहे."

"मीठ पाण्यानं आलं. पाणी फटीतून आलं. झालं की."

"फट का राहिली?"

"ते जोगळेकरांना विचारा."

जोगळेकर सर समाजशास्त्रात. दुसरी इमारत, दुसरा मजला. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि म्हणाले, "बांधाची पद्धत? वा! यावर कोणी लिहिलेलं नाही. पण ते मिठाचं प्रकरण त्यातून काढून टाका."

"ते काढलं तर पद्धतीचा परिणाम कसा कळणार सर?"

"परिणाम शास्त्रवाल्यांचा. शिवाय तुम्ही बी.एस्सी. आमच्याकडे यायचं तर आधी बी.ए. करावं लागेल."

मी पुन्हा सबनिसांकडे. ते म्हणाले, "बरं, मातीचं पृथक्करण करून दाखवा, मग बोलू." मी म्हटलं, प्रयोगशाळा द्या. ते म्हणाले, "नाव लागल्याशिवाय प्रयोगशाळा कशी देणार?" मी म्हटलं, मग नाव लावा. ते म्हणाले, "पृथक्करण पाहिल्याशिवाय नाव कसं लावणार?" हे बोलताना त्यांना स्वतःलाही त्यात काही विचित्र वाटलं नाही. मी त्या दिवशी दोन इमारतींमधल्या चिखलात उभी राहून छत्री मिटली आणि उघडली, मिटली आणि उघडली. शिपायानं विचारलं, "बाई, छत्री बिघडली का?"

आता मी स्वतः विभागात बसते, तेव्हा एक गोष्ट कबूल करते. अशा माणसांना आळशी म्हणता येत नाही. सबनीस सर सकाळी सगळ्यांच्या आधी यायचे. जोगळेकर सर विद्यार्थ्यांना घरी बोलावून जेवू घालायचे. दोघांनी आपापलं आवार झाडून लख्ख ठेवलेलं होतं. फक्त कुंपणाच्या खालून वाढलेलं झाड कोणाचं, हे ठरवायची वेळ आली की दोघेही अतिशय सभ्यपणे ते दुसऱ्याला देऊन टाकायचे. मला त्या सभ्यपणाचाच सगळ्यात जास्त राग यायचा. कोणी भांडलं असतं तर निदान काही हललं असतं.

मग मला नानांच्या तोंडूनच कळलं की हे दोघेही ठाण्याचे. नुसते ठाण्याचे नाहीत, रोज संध्याकाळी तळ्याच्या पाळीवर एकाच बाकावर बसणारे. नाना कोर्टातून परतताना त्यांना बघायचे.

"एकाच बाकावर?" मी विचारलं.

"वर्षानुवर्षं. का?"

"काही नाही. उद्या मी तुमच्याबरोबर ठाण्याला येते."

नानांनी चष्मा काढला. "शकू, प्राध्यापकांना तळ्यावर गाठायचं? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, मुलगी हवा खायला आली."

पाऊस उघडला होता. तळं काठोकाठ भरलेलं, पाळीचे दगड ओले, भजीवाल्याच्या गाडीभोवती माणसं. दोघे बाकावर बसले होते आणि कुठल्याशा नाटकातल्या नटाची नक्कल करून हसत होते. मी समोर जाऊन उभी राहिले. दोघांचंही हसू एकदम थांबलं. मी वर्गात आले की मुलांचं थांबतं, तसं.

"मिस लिमये," सबनीस म्हणाले, "आमचा एक नियम आहे. इथं विद्यापीठ काढायचं नाही."

"जो काढील त्यानं दाणे आणायचे," जोगळेकर म्हणाले. "गेल्या महिन्यात यांनी आणले."

"मग दाणे मी आणते," मी म्हटलं, आणि खरोखर कोपऱ्यावरून गरम भुईमुगाच्या शेंगांची पुडी घेऊन आले. दोघांच्या मध्ये ठेवली. आता ऐकणं भाग होतं.

मी सांगितलं. एकदाच, दोघांना एकत्र, तेही अर्ध्या पुडीत. खाडी तीच, पाऊस तोच, दोन गावं. सबनीस शेंगा सोलत होते, ते थांबले. "पण माती एकच आहे हे कशावरून?"

"तेच तर बघायचंय. मीठ वेगळं आणि माती एक, असं निघालं, तर तुमचं काम संपलं आणि सरांचं सुरू झालं."

"आणि माती वेगळी निघाली तर?" जोगळेकरांनी विचारलं.

"तर तुम्ही सुटलात."

जोगळेकर मोठ्यानं हसले. "हे बघा सबनीस, मिठाचं तुम्ही सांभाळा. मला डॉक्टरांनी बंद केलंय."

"आणि मला माणसं सोसत नाहीत. जमलं की मग!" सबनिसांनी टरफलं झटकली. "सोमवारी पिशव्या घेऊन या. प्रयोगशाळा देतो. नावाचं नंतर बघू. समितीपुढं आम्ही दोघे बोलू."

नाना थोड्या अंतरावर छत्रीचा आधार घेऊन तळ्याकडे बघत उभे होते, आपण या मुलीबरोबर आलेलोच नाही अशा थाटात. परत येताना मात्र म्हणाले, "दाणे नेलेस हे बरं केलंस."

सोमवारपर्यंतच्या त्या दोन दिवसांत मी पुन्हा माणसांत आले. काकूला स्वयंपाकात मदत केली, धाकट्या चुलतभावांची गणितं घेतली, आणि कल्याणच्या हेडमास्तरांना काय कळवायचं त्याची वाक्यं मनात जुळवली. इतक्या वेळात मला फडताळ उघडून बघायचं सुचलं नाही. कशाला सुचेल? पिशव्या काही चालत जाणार नव्हत्या.

रविवारी दिव्यांची अवस होती. मी सकाळी विहिरीवर धुणं धुऊन आले तर पाटावर सगळे दिवे मांडलेले. समया, निरांजनं, लामणदिवा, देवघरातली घंटासुद्धा. इतके चकचकीत दिवे मी आमच्या घरात कधी पाहिले नव्हते. सोन्याचे वाटावेत.

"काकू, काय लावलंस गं?"

काकू अगदी खुशीत होती. "चिंच आणि माती. पावसाची कोरडी माती मिळते का कुठं? राख पण ओली. मग आठवलं, तुझ्या पिशव्या आहेत. आधी एका पिशवीतली घेतली, ती बरी होती. मग दुसऱ्या बाजूच्या घेतल्या, त्यांनी काय घासलं जातंय म्हणतेस! हात लावला की काळं निघतंय. सगळ्याच वापरल्या बघ."

"सगळ्या?"

"त्या बाजूच्या सगळ्या. या बाजूच्या आहेत अजून. शेजारच्या वहिनींना पण दिली मूठभर. त्या विचारत होत्या, कुठून आणली." मग माझा चेहरा बघून ती गडबडीनं उठली. "अगं पण चिठ्ठ्या मी जपून ठेवल्यात हं. एकही टाकली नाही."

आणि तिनं पदराच्या गाठीतून पलीकडच्या गावाच्या चिठ्ठ्या काढून माझ्या हातात दिल्या.

ती सासरी आल्यापासून त्या घरातली प्रत्येक कोरडी गोष्ट प्रत्येक ओल्या गोष्टीपासून वाचवत आलेली बाई. तिच्या लेखी माती ही मातीच. आणि मी मूर्ख, संशोधनाचं सामान घासण्याच्या चिंचेशेजारी ठेवणारी. संध्याकाळी तिनं त्या दिव्यांची पूजा केली, कणकेचे गोड दिवे वाफवले, आणि मला तूप घालून दोन जास्त वाढले. मी खाल्ले. रागाच्या वेळीसुद्धा ते दिवे चांगले लागतात.

बाहेर पाऊस कोसळत होता. पलीकडच्या गावाचं मेमधलं मीठ एव्हाना खाडीत परत गेलं होतं, आणि उरलेलं आमच्या मोरीतून.

सोमवारी सबनीस सरांपुढं कोपरच्या पिशव्या ठेवल्या आणि झालेलं सांगितलं. त्यांनी चिमूटभर माती बोटांत चोळून पाहिली. मग म्हणाले, "चिंच लावली होती म्हणता?"

"हो सर."

"अगदी बरोबर. आम्ल आणि मीठ एकत्र आलं की पितळेवरची पुटं सुटतात. आणि माती बारीक चाळलेली, त्यामुळं ओरखडाही नाही. तुमच्या काकूंना सांगा, उत्तम केलं."

माझं वर्ष बुडत होतं आणि यांना पितळ सुचत होतं. पण त्यांनी कोपरच्या मातीसाठी प्रयोगशाळा दिली हेही खरं. जोगळेकर सर म्हणाले, "अरेरे," आणि मनापासून म्हणाले.

समितीत तिघे होते, अध्यक्ष आणि हे दोघे. अध्यक्षांच्या पुढं माझं शीर्षक: कोपर परिसरातील खाजण जमिनीतले क्षार आणि बांधदुरुस्तीची गावपद्धत. अध्यक्षांनी ते दोनदा वाचलं. मग माझ्याकडे न बघता सबनिसांना विचारलं, "हे तुमचं आहे की जोगळेकरांचं?"

सबनीस म्हणाले, "मिठाचा भाग आमचा."

जोगळेकर म्हणाले, "बांधाचा भाग आमच्याकडे येऊ शकला असता. पण बाई बी.ए. नाहीत."

"दोन गावांच्या मातीचा तुलनात्मक पुरावा आहे का?"

"एका गावाचा आहे," मी म्हटलं. "दुसऱ्याचा पुढच्या मेमध्ये मिळेल."

"मग पुढच्या मेमध्ये या."

तळ्यावर माझ्याबरोबर शेंगा खाल्लेले दोघेही टेबलाकडे बघत होते. लबाडी नव्हती त्यांत, ते मला आजही पटतं. त्या खोलीत आल्यावर त्यांना खरंच आपापल्या खुर्चीतूनच बोलता येत होतं. बाकावर दोघांत अंतर नव्हतं, इथं टेबल होतं.

"पुढच्या मेपर्यंत मी कल्याणला शिकवत असेन," मी म्हटलं.

अध्यक्षांनी तपकीर ओढली. ते वयस्क होते आणि अजिबात दुष्ट नव्हते. म्हणाले, "एक करा. नुसत्या क्षारांवर आजच नाव लावतो. पुढचा भाग खोडा." आणि टाक माझ्यासमोर सरकवला.

माझ्या वयाच्या बायका हे ऐकतात तेव्हा विचारतात, मग तू उठून नाही का आलीस? नाही आले. उठून आलं की फक्त चालायला मिळतं. मी टाक घेतला आणि अर्धं शीर्षक खोडलं. एक सरळ रेघ मारली, पट्टी न लावता. संध्याकाळी नानांनी विचारलं, "कशात?" मी म्हटलं, "रसायनात." त्यांनी समाधानानं मान हलवली आणि हेडमास्तरांना नकार कळवायला पोस्टकार्ड घेतलं. त्यांच्या सदरात मी बसले होते.

पुढं प्रबंध झाला, पदवी मिळाली. बांधांविषयी मी लिहिलेलं सगळं प्रबंधाच्या शेवटी परिशिष्ट म्हणून जोडलं, तर परीक्षकांनी ते बांधणीआधी काढून घ्यायला सांगितलं. विषयाबाहेरचं, म्हणे. मी काढून घेतलं. त्यानंतर कोणाला ते हवं असलं की मी सायक्लोस्टाईल करून देते, आणि घेणारा दर वेळी विचारतो, "हे कुठल्या विषयात येतं?" आता मी उत्तर देणं सोडलंय. चहा विचारते.

पण नाव लागलं त्याच आठवड्यातलं सांगायचं राहिलं.

भांगाचे दिवस होते, म्हणजे भरती लहान आणि पाणी बांधाच्या पायाशीच थांबणारं. कोपरच्या बांधाला दोन-तीन ठिकाणी भोकं पडली होती आणि ओहोटी आहे तोवर ती बुजवायची होती. गोमादादा, गावातले जाणते, प्रत्येक घराला हाक मारत फिरले. बांध घराघरांत वाटून दिलेला असतो, ज्याचा वाटा त्यानं राखायचा. पलीकडच्या गावातही असाच वाटून दिलेला आहे. महिनाभरापूर्वी मी होडीनं तिकडे गेले होते तेव्हा एका वाट्यातून पाणी सरळ आत जाताना पाहिलं होतं. विचारलं, हे कोणी बुजवत का नाही? शेजारच्या वाट्यावरचा माणूस, स्वतःचा बांध अगदी गुळगुळीत केलेला, म्हणाला, "तो वाटा चांगुनाचा हाय. तिचा घोव गिरनीत गेला तो परत आला नाय."

"मग तिला एकटीला कसं जमणार?"

"कसा जमल? पन वाटा तिचा हाय ना."

खोटं काहीच नव्हतं त्यात. आणि त्याच्या गुळगुळीत बांधाच्या आत त्याचंही शेत उजाड पडलं होतं. पाणी एका भोकातून येतं, मीठ सगळ्यांच्यात पसरतं.

कोपरला मी पोचले तेव्हा सगळी माणसं आपापल्या वाट्यावर पांगलेली असतील असं मला वाटलं होतं. तर सगळी एकाच जागी. हिरूबाईच्या वाट्यावर. हिरूबाईचा नवरा आदल्या वर्षी तापानं गेला होता. घरात ती, म्हातारी सासू आणि लहान पोरं. तिच्या बांधाला भोक नव्हतंच मोठं, नुसती झिरप होती. आणि ज्यांच्या स्वतःच्या वाट्याला मोठी भोकं होती तीही माणसं इथं चिखलाचे गोळे हातोहात पुढं देत होती.

"गोमादादा, तुमच्या वाट्याचं भोक मोठं आहे ना? आधी ते नाही का बुजवायचं?"

गोमादादा कमरेएवढ्या चिखलात उभे होते. "आदी हिच्या घरचा. मंग आपलाला."

"का?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वेड्यासारखं काहीतरी विचारलंय. "नायतर हिचा राहल ना."

एवढंच. त्याला ते कारण म्हणत नव्हते, पद्धत म्हणत नव्हते. मी बांधावर उभी राहून ते बघत होते आणि मला इतका संताप आला होता की सांगता येत नाही. ज्यासाठी मी महिनाभर दोन इमारतींचे जिने चढले उतरले, ते माझ्यापुढं उघड्यावर चाललं होतं, आणि चार दिवसांपूर्वी मी स्वतःच्या हातानं ते खोडून आले होते.

रांगेतून हिरूबाई मला ओरडून म्हणाली, "बाय, मुंबयचा तुजा काम जाला का गो?"

"अर्धं झालं. अर्धं करू नको म्हणाले."

"कंचा नको म्हनाले?"

मी बांधाकडे, त्या सगळ्यांकडे हात केला. "हे."

हिरूबाईनं हातातला गोळा पुढच्याला दिला आणि कपाळावरचा घाम दंडानं पुसला. "मंग हितं कनाला आलीस?"

"बघायला."

"बगनाऱ्याला बांदाव जागा नाय," ती म्हणाली, आणि रांगेत दोन माणसांमध्ये सरकून तिनं जागा केली. "लुगरा खोच, हात पुरं कर. पानी येतंय."

मी पातळ खोचलं आणि हात पुढं केले.